फौजीची पदवी आणि गावची मतदारयादी : खान्देशातली पार्श्वभूमी

अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ साली सुरू झालं, त्याच वर्षी दुसरं महायुद्ध संपलं. फौज सोडून आलेल्याला कॉलेज आता जवळ होतं, पण वर्ग भरायचे दिवसा आणि कपाशीची कामंही दिवसाच. पस्तिशी-चाळिशीत शेती आणि पोरंबाळं सांभाळून बाकावर बसणं फार थोड्यांना जमण्यासारखं होतं. १९६५ आणि १९७१ ची युद्धं पाहून आलेल्यांपुढेही हीच अडचण. मग सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा द्यायची आणि पुढे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पुणे विद्यापीठाची. जळगावला विद्यापीठ झालं १९९० मध्ये. तोवर इथली कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती.

खरी वाट मोकळी झाली ती १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आल्यावर. पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात, शेतीची कामं सांभाळून अभ्यास. फौजीला हवं होतं ते नेमकं हेच.

इथे एक गफलत मात्र आजही होते. केंद्राच्या १९८६ च्या आदेशानुसार, मॅट्रिक असलेला आणि किमान १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या नोकरीत गट क मधल्या पदवी लागणाऱ्या पदांना पात्र धरला जातो. तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक असलेली पदं वगळून. फौजेचं विशेष शिक्षण प्रमाणपत्रही यात मॅट्रिकच्या बरोबरीचं मानतात. पण ही समकक्षता नोकरीपुरतीच आहे. तेवढ्यावर थेट एम.ए.चा फॉर्म भरला तर अर्ज अडतो. पुढे शिकायचंच असेल तर आधी बी.ए. पूर्ण करावं.

दुसरा अडथळा नावाचा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, फौजेतून सुटताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात शेवटी, कधी वडिलांचं नावच गायब. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच उरकावी. घरी आल्यावर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

गावकीतही माणूस कागदावरच अडतो. नोकरीत असताना त्याचं नाव सेवा मतदार म्हणून वेगळ्या यादीत असतं. सुटून आल्यावर नमुना ६ भरून सर्वसाधारण यादीत नाव घालावं लागतं. ते राहिलं तर ग्रामपंचायतीच्या मतदानाला यादीत नाव सापडत नाही आणि उमेदवारी अर्जही भरता येत नाही. ज्या माणसाने सीमेवर उमेदीची वर्षं घालवली, त्याला गावात मत नसावं, ही गोष्ट मनाला लागते.

नाव लागलं की ग्रामसभा त्याच्या हक्काची. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून गावातल्या फौजींनी पहिल्याच सभेला वेळेवर बसावं, विषय आधी लेखी द्यावा आणि ठराव इतिवृत्तात नीट उतरला का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) वहीत स्वतः वाचून पाहावं.