इंटरनेटचं व्यसन : थट्टेतून निदानापर्यंत

या विकाराचं नाव पहिल्यांदा थट्टेत घेतलं गेलं. १९९५ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी मनोविकारशास्त्रातल्या निदान-पुस्तिकेची टर उडवायला ‘इंटरनेट व्यसन विकार’ रचला. नकळत टायपिंगसारखी होणारी बोटांची हालचाल हे त्यातलं एक लक्षण. गंमत म्हणजे, ‘हे तर आम्हालाच झालंय’ असं काहींनी गंभीरपणे कळवलं.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या किंबर्ली यंग यांनी मात्र १९९६ मध्ये या विषयावर खरंच संशोधन मांडलं. त्यांची आठ प्रश्नांची चाचणी जुगाराच्या व्यसनाच्या निकषांवरून बेतलेली होती; पाच उत्तरं ‘हो’ आली की माणूस व्यसनी. पाहणीतले लोक स्वतःहून पुढे आलेले होते, ही टीका तेव्हापासूनच झाली. ती मला रास्त वाटते.

विद्यार्थ्यांकडे लक्ष वेधलं ते मेरीलँड विद्यापीठाच्या जोनाथन कँडेल यांनी, १९९८ मध्ये. त्यांचा रोख यंत्रापेक्षा वयावर आणि कॉलेजच्या आवारावर होता. पोरं पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, विचारणारं कोणी नाही, लेक्चरांच्या मध्ये मोकळा वेळ भरपूर आणि इंटरनेट फुकट. त्यात ‘मी कोण’ आणि ‘माझं कोण’ हे दोन प्रश्न ऐरणीवर. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट यांनी काही घरांच्या अभ्यासातून इंटरनेटच्या वापराबरोबर एकटेपणा वाढतो असं सांगितलं. पुढे त्याच घरांचा माग काढला, तेव्हा हा परिणाम बहुतांशी ओसरलेला दिसला. मग आधी काय, एकटेपणा की स्क्रीन? २००१ मध्ये संशोधक रिचर्ड डेव्हिस यांनी उत्तराची दिशा बदलली : नैराश्य, लोकांत मिसळायची धास्ती आणि ‘मी ऑनलाइनच काहीतरी आहे’ असा समज आधीपासून मनात असतो; इंटरनेट त्याला वाट देतं. तास मोजणाऱ्या चाचण्यांपेक्षा मला हे पटतं.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण डायल-अपच्या बिलानेच तेव्हा विद्यार्थ्यांना आवर घातला होता. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ साली तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक उघडलं. स्वस्त फोर-जीची लाट त्यानंतर, २०१६ मध्ये आली.

अधिकृत मान्यता मात्र अजून अर्धवटच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजार-सूचीत गेमिंगचा विकार आहे, इंटरनेटचं व्यसन अशी स्वतंत्र नोंद नाही. रात्रभर रील्स पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी समुपदेशकाला त्यामुळे निदान नैराश्य किंवा चिंतेच्या रकान्यात शोधावं लागतं. बऱ्याचदा ते तिथे सापडतंही.