तापमान भरपाई (बॅटरी चार्जिंग)

तापमान भरपाई : बॅटरी तापली की चार्जरचे व्होल्टेज उतरवणे आणि गारठली की चढवणे. ही गरज मुख्यतः शिसे-आम्ल बॅटऱ्यांची, म्हणजे इन्व्हर्टर, ट्रॅक्टर आणि सौर संचाला जोडलेल्या नेहमीच्या बॅटऱ्यांची.

उष्णतेने बॅटरीतली रासायनिक क्रिया वेग घेते, त्यामुळे ती कमी व्होल्टेजलाही भरते. व्होल्टेज तसेच ठेवले तर जादा वीज पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात खर्ची पडते. पाणी आटते, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. थंडीत याच्या उलट घडते. बॅटरी अर्धवट भरते आणि प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात.

चार्जरचे छापील आकडे २५° से. धरून दिलेले असतात. त्यापुढे दर अंशाला प्रत्येक सेलमागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. ४ मिलिव्होल्टने हिशेब केला तर अंशाला २४ मिलिव्होल्ट. म्हणजे १४.४ व्होल्टची मर्यादा ४०° ला १४.०४ वर येते आणि १५° ला १४.६४ वर जाते.

कोल्हापूरची हवा मवाळ, वर्षाची सरासरी पंचविशीच्याच आसपास. मग इथे ही उठाठेव कशाला, असे वाटते. पण बॅटरी सरासरीत राहत नाही. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी काय उकडते ते तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक, आणि जानेवारीच्या पहाटे त्याच शेडमध्ये पारा पंधराच्या आसपास असतो. शिवाय पन्नासेक किलोची ट्युब्युलर बॅटरी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी आत दुपारच मुक्कामाला असते. म्हणून मोजायचे ते हवेचे नव्हे, बॅटरीचे तापमान.

त्यासाठी थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा सेन्सर, वापरतात. तो बॅटरीच्या टर्मिनलला किंवा अंगाला घट्ट बसवावा लागतो. बॅटऱ्या रांगेत असतील तर मधल्या बॅटरीवर, कारण तीच जास्त तापते. चार्जरच्या पेटीत ठेवलेला सेन्सर चार्जरचीच ऊब मोजत बसतो. सेन्सरची वायर सुटली तर अनेक कंट्रोलर (चार्जिंगचे व्होल्टेज सांभाळणारी यंत्रे) निमूटपणे २५° धरून चालतात. अनेक साध्या घरगुती इन्व्हर्टरना सेन्सर नसतोच. तिथे बॅटरी माळ्यावरून खाली, वारा खेळेल अशा जागी आणणे आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी लवकर-लवकर पाहणे, एवढेच हाती राहते.

सीलबंद बॅटरीत पाणी पाहण्याचीही सोय नाही. ती गरम झाली की जास्त करंट ओढते आणि जास्त करंटने आणखी गरम होते. हे चक्र आवरले नाही तर बॅटरी फुगते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला ही भरपाई लागत नाही. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी ती बसवली तर कंट्रोलरमधली भरपाई शून्यावर आणावी, नाहीतर थंडीच्या पहाटे तिला नको तेवढे व्होल्टेज मिळते. ०° च्या खाली ती चार्ज करू नये, असाही दंडक आहे. कोल्हापुरात तशी वेळ येत नाही.