हिटलरचा रोजचा आवाज

हिटलर म्हटला की सभेत किंचाळणारा आवाजच आठवतो. चार माणसांत बसून तो कसा बोलायचा, हे ऐकवणारं ध्वनिमुद्रण मात्र जेमतेम अकरा मिनिटांचं आहे. तेही चोरून केलेलं.

४ जून १९४२ रोजी फिनलंडचे सरसेनापती मॅनरहाइम ७५ वर्षांचे झाले. शुभेच्छा द्यायला हिटलर विमानाने फिनलंडमधल्या इम्मोलाला आला. समारंभातली भाषणं फिनिश रेडिओच्या थोर डामेन या तंत्रज्ञाने रीतसर मुद्रित केली. मग रेल्वेच्या डब्यात खासगी गप्पा सुरू झाल्या, तरी त्याने यंत्र चालूच ठेवलं. खिडकीतून बाहेर आलेली वायर एसएस या नाझी दलाच्या रक्षकांना दिसली, तेव्हा कुठे ते थांबलं.

इथे हिटलरचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, भारदस्त आणि संथ. ओरडताना फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात, सेकंदाला जास्त वेळा कंप पावतात आणि पट्टी चढते. सभांमधून आपल्या ओळखीचा झालेला आवाज हा असा ताणलेला आहे. दोन्ही आवाज इतके वेगळे वाटतात की शंका येणं साहजिक होतं. पण जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांच्या तज्ज्ञाने आवाज तपासून तो हिटलरचाच असल्याचं सांगितलं. या गप्पांत तो रशियाच्या ३५,००० रणगाड्यांबद्दल बोलतो. एखाद्या सेनापतीने आधी हा आकडा सांगितला असता, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं, असं तो कबूल करतो.

त्याच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांची टिपणंही आहेत. १९४१पासून हाइनरिश हाइम आणि काही काळ हेन्री पिकर यांनी ती लिहिली. बराचसा भाग मागाहून आठवून लिहिलेला, आणि त्यावर हिटलरचा निकटचा सहकारी बोरमान याचा हात फिरलेला. माणसाची स्मृती अशा कामाला फार कच्ची असते. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली प्रयोगातून दाखवलं, की वाक्य ऐकल्यावर मध्ये अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला, तरी त्याची शब्दरचना बदललेली लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. अर्थ बदलला तर मात्र येतं.

म्हणून या टिपणांतली वाक्यं अवतरणचिन्हांत घालून हिटलरच्या तोंडी देणं मला अजिबात पटत नाही. विषय त्याचे असतील, मतंही बहुतेक त्याचीच. शब्दांची खात्री कोण देणार? रणगाड्यांबद्दलचं बोलणं मात्र शब्दन् शब्द त्याचं आहे, मध्येच तुटलेल्या वाक्यांसकट.