एकट्याने उल्लुंगदो बेटावर जाताना : प्रवासाच्या दिवसाविषयी माहिती

दक्षिण कोरियाच्या पूर्वेस खोल समुद्रात असलेल्या उल्लुंगदो या ज्वालामुखीजन्य बेटावर विमानाने जाता येत नाही. तेथील विमानतळाचे बांधकाम २०२० मध्ये सुरू झाले आहे. त्यामुळे बेट गाठायचे ते जहाजानेच, आणि त्या दिवशी जहाज सुटणार की नाही हे समुद्र ठरवतो. एकट्याने जाणाऱ्या ग्राहकांनी हे पत्रक तिकिटे काढण्यापूर्वीच वाचावे, अशी विनंती आहे.

आम्ही कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील फोहांग शहरातून रात्री सुटणारे मोठे जहाज सुचवतो. दिवसाच्या वेगवान बोटी सुमारे तीन तासांत पोहोचतात हे खरे. परंतु आकाराने लहान असल्यामुळे त्या अधिक हेलकावतात आणि समुद्र खवळला की आधी त्याच रद्द होतात. मोठे जहाज सुमारे साडेसहा तास घेते, मात्र रात्र बर्थवर निघते आणि सकाळी आपण बेटावरील सादोंग बंदरात उतरता. बोट लागण्याचा त्रास असल्यास औषध जहाज सुटण्यापूर्वी घ्यावे.

सोलहून फोहांगला केटीएक्स ही वेगवान रेल्वे सुमारे अडीच तासांत पोहोचवते. जहाज रात्री उशिरा सुटत असले तरी दुपारचीच गाडी धरावी. फोहांगमध्ये प्रवासी जहाजांची दोन ठिकाणे आहेत : एक शहरातील जुना धक्का आणि दुसरे शहराबाहेरचे योंगिल बंदर. रात्रीचे जहाज योंगिलहून सुटते. टॅक्सीचालकाला नुसते ‘बंदर’ सांगितल्यास आपण भलत्याच धक्क्यावर उतरण्याची शक्यता असते, म्हणून कोरियन लिपीत बंदराचे नाव लिहिलेली चिठ्ठी आम्ही तिकिटासोबत देतो. ती वरच्या खिशात ठेवावी. रस्ता शोधण्यासाठी गूगलपेक्षा नेव्हर मॅप हे तेथील अ‍ॅप अधिक भरवशाचे आहे.

जहाजावर चढताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. त्याची झेरॉक्स किंवा मोबाइलमधील फोटो पुरेसा मानू नये. २०१४ मध्ये सेवोल जहाज बुडून ३०४ जण दगावले, तेव्हा जहाजावर नेमकी किती माणसे होती याचा आकडाही वारंवार बदलावा लागला होता, आणि त्यानंतर तेथील ओळख तपासणी कडक झाली. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. कोरियाच्या व्हिसाखेरीज बेटासाठी वेगळा परवाना लागत नाही.

जेवणाबाबत एक अडचण आधीच सांगतो. कोरियातील बऱ्याच खाणावळींत काही पदार्थ किमान दोन माणसांपुरतेच मिळतात आणि एकट्या ग्राहकाला नकार येऊ शकतो. बेटावर रानभाज्या घातलेला बिबिमबाप हा भात मात्र एकट्यासाठीही सहज मागता येतो. शाकाहारी ग्राहकांनी त्यातील मांस व अंडे वगळण्यास सांगावे. सोबत येणारे सूप बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यात केलेले असते, ते बाजूला ठेवावे.

परतीचे जहाज आणि मायदेशीचे विमान यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. हिवाळ्यात दोन ठेवावेत. हा दिवस नको असे काही ग्राहक आग्रहाने सांगतात, तरीही आम्ही तो आराखड्यातून काढत नाही. जहाज रद्द झाल्यास तिकीट खिडकीवरून तसे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे, कारण विम्याच्या दाव्यासाठी ते लागू शकते, आणि आमच्या कार्यालयाला लगेच कळवावे, म्हणजे पुढची आरक्षणे आम्हाला बदलता येतील.