बालकेंद्री वर्ग म्हणजे मोकाट मुलं?

‘बालकेंद्री वर्गात मुलं हवं ते करतात, बाई नुसत्या बघत बसतात’, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची आपली पहिली शाळा, ‘बालगृह’, उघडली, तेव्हापासून मोकळीक आहे ती विचारपूर्वक मांडलेल्या साहित्यातून निवडण्याची.

या साहित्यातलाच एक साधा लाकडी ठोकळा घ्या. त्यात दहा खाचा आणि प्रत्येकीत नेमका बसणारा मुठीचा दट्ट्या. मुलानं बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत टाकला, तर शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो; तो कुठेच बसत नाही. ‘चुकलं’ म्हणायला कुणी लागत नाही. मूल स्वतःच सगळं काढून पुन्हा लावतं. ती मूठ चिमटीत धरताना पेन्सिलीची पकडही तयार होत असते.

बाई तेव्हा बघतच असतात, पण कोण कुठे अडलं, उद्या कुणापुढे काय ठेवायचं, हे हेरत. (फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड!) शिस्तीचं म्हणाल तर प्रत्येक साधन सहसा एकच असतं. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं आणि आपलं झालं की जागेवर ठेवायचं. नुसता खेळण्यांचा ढीग ओतून ‘आमची बालकेंद्री शाळा’ अशी पाटी लावणारेही आहेत. हा गैरसमज बराचसा त्यांच्यामुळेच टिकलाय.