दोन रीडिंगच्या मध्ये काय घडतं?

सर्व्हर नीट चालतोय का, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. बाहेरून दिसतात ते लुकलुकणारे हिरवे दिवे आणि ऐकू येते पंख्यांची घरघर. आत किती विनंत्या येताहेत, किती फसताहेत, उत्तराला किती वेळ लागतोय, हे त्या सॉफ्टवेअरनंच सांगायला हवं. त्यानं काय सांगायचं, किती वेळानं आणि कुणाला, हे एका साध्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. बिघाडाच्या रात्री हाती काय लागणार, हे त्या फाइलीत कधीच ठरून गेलेलं असतं.

प्रोमिथियस हे या कामाचं आज सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये ते सुरू झालं, गूगलमधून आलेल्या इंजिनिअरांच्या हातून. त्याची रीत सोपी आहे. सर्व्हर आपले आकडे एका ठरलेल्या पत्त्यावर मांडून ठेवतो आणि प्रोमिथियस ठरावीक वेळानं येऊन ते वाचून नेतो. या वाचनाला स्क्रेप म्हणतात. किती वेळानं वाचायचं ते सांगितलं नाही तर दर एक मिनिटानं. सोबत मिळणाऱ्या नमुना फाइलीत मात्र १५ सेकंद लिहिलेले असतात. वाचायला गेल्यावर सर्व्हरनं दारच उघडलं नाही, तर 'अप' नावाच्या आकड्यापुढे शून्य पडतं. म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा नोंदच.

आकड्यांत दोन जाती महत्त्वाच्या. एक काउंटर. तो घरच्या वीजमीटरसारखा फक्त पुढे सरकतो. एखाद्या महिन्यात दाराला कुलूप दिसलं आणि रीडिंग हुकलं, तरी युनिटं कुठं जात नाहीत. पुढच्या वजाबाकीत येतातच. सर्व्हर रीस्टार्ट झाला की काउंटर शून्यावर येतो, पण आकडा घसरलेला दिसताच प्रोमिथियसचं 'रेट' हे फंक्शन ते ओळखून हिशेब जुळवून घेतं. शेवटच्या रीडिंगनंतर आणि रीस्टार्टच्या आधी जे झालं, तेवढं मात्र गेलं.

दुसरी जात गेजची: आत्ता मेमरी किती भरली, रांगेत किती जण आहेत. इथे खरी गोची आहे. दोन वाचनांमध्ये १५ सेकंद आहेत आणि मधल्या ४ सेकंदांत रांग तुडुंब भरून रिकामी झाली, तर आलेखावर सरळ रेषा दिसते. ग्राहक ओरडतोय आणि आलेख म्हणतोय सगळं ठीक आहे! म्हणून जाणती मंडळी रांगेच्या लांबीसोबत 'रांग भरल्यामुळे परत पाठवलेल्या विनंत्या' असा काउंटरही लावतात. त्याच्या नजरेतून ते ४ सेकंद सुटत नाहीत.

उत्तराला लागलेला वेळ मोजताना आणखी एक फसगत होते. प्रत्येक वेळ जपून ठेवणं परवडत नाही, म्हणून वेळेचे टप्पे पाडून तो खणांमध्ये टाकतात, आणि कुठल्या खणात किती विनंत्या पडल्या एवढंच मोजतात. प्रोमिथियसच्या लायब्ररींत ठरलेले खण साधारणपणे ५ मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत असतात, त्यापुढचं सगळं शेवटच्या बिनतळाच्या खणात. सर्व्हर ४० सेकंद घेऊ लागला तरी 'सर्वांत संथ एक टक्का' विचारल्यावर उत्तर येतं १० सेकंद. आलेखाचा माथा करवतीनं कापल्यासारखा सपाट दिसला, की आधी खण तपासावेत.

आकड्याला लेबलं लावता येतात: कुठला सर्व्हर, कुठल्या प्रकारची विनंती, निकाल काय. लेबलांच्या प्रत्येक जोडणीची नोंद वेगळी ठेवावी लागते, तिला मालिका म्हणतात. २० सर्व्हर, ५ प्रकार, १० निकाल मिळून १,००० मालिका होतात. एका नोंदीला एक-दोन बाइट धरले, तर दर १५ सेकंदांच्या हिशेबानं दिवसाला फार तर १२ मेगाबाइट. किरकोळच. आता कुणीतरी उत्साहानं ग्राहक क्रमांकाचं लेबल जोडतो. ग्राहक एक लाख असले, तर मालिका १० कोटींपर्यंत जाऊ शकतात आणि चालू मालिका मेमरीत ठेवायच्या असल्यानं प्रोमिथियसच झोपतो.

कुठल्या ग्राहकाची विनंती फसली, हे विचारायचं असेल तर आकडे नकोत, घटनांची नोंद हवी. इथे उलटा कारभार असतो: सर्व्हर स्वतःच नोंदी बाहेर पाठवतो. ओपनटेलिमेट्री ही त्यासाठीची खुली पद्धत, २०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र येऊन झालेली. प्रत्येक विनंतीच्या प्रवासातल्या एकेका टप्प्याची नोंद म्हणजे स्पॅन. काही बदललं नसेल, तर स्पॅनच्या रांगेत २,०४८ नोंदी मावतात आणि एका खेपेत ५१२ पर्यंत जातात. नोंदी घेणारा पलीकडचा सर्व्हर अडकला आणि सेकंदाला हजार स्पॅन तयार होत असले, तर रांग दोन सेकंदांत भरते. त्यानंतरच्या नोंदी सरळ टाकून दिल्या जातात.

हे ऐकून लोक दचकतात, पण ते बरोबरच आहे. वहीत लिहायला उशीर होतोय म्हणून पैसे भरायला आलेल्या ग्राहकाला थांबवायचं नसतं. फक्त किती नोंदी टाकल्या त्याचा काउंटर ठेवावा, नाहीतर गळती झाली हेच कळणार नाही.

सगळं साठवणं महाग, म्हणून वेचक नोंदी ठेवायची सोयही आहे: चुकलेल्या आणि रेंगाळलेल्या विनंत्या सगळ्या, सुरळीत पार पडलेल्या थोड्याच. पण विनंती चुकणार की नाही, हे ती संपल्यावरच कळतं. तोवर प्रत्येकीचे सगळे स्पॅन मधल्या कलेक्टरला, म्हणजे नोंदी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामला, मेमरीत धरून ठेवावे लागतात, आणि तिथे निकालासाठी थांबायची वेळ काही न बदलता ३० सेकंद असते.