लुसिया: संत सिसिलीची, रात्र स्वीडनची

१३ डिसेंबरच्या सकाळी स्वीडनमध्ये शाळा, चर्च, वृद्धाश्रम, कचेऱ्या, कुठेही जा, तीच मिरवणूक भेटते. पुढे पायघोळ पांढरा झगा घातलेली मुलगी, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. मागे गात येणारी पोरापोरींची रांग. ही लुसिया. वायकिंगांच्या काळापासून हे असंच चाललंय असं कुणी सांगितलं तर सहज पटावं. पण आज दिसणारं हे रूप देशभर पसरलं त्याला जेमतेम शंभर वर्षं होतायत, आणि ते पसरवण्यात मोठा वाटा एका वर्तमानपत्राचा आहे.

नाव मात्र खरोखरच प्राचीन. लुसिया सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची. रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्यात इ. स. ३०४ च्या सुमारास ती रक्तसाक्षी झाली, म्हणजे धर्मापायी मारली गेली. चरित्रकथा सांगते की तिने हुंड्याचा पैसा गरिबांना वाटून टाकला आणि चिडलेल्या नवरदेवाने तिची चुगली केली. भुयारात लपलेल्यांना अन्न पोचवताना हात मोकळे राहावेत म्हणून तिने दिवे डोक्यावर बांधले, ही गोष्टही हमखास ऐकायला मिळते. जुन्या चरित्रात मात्र या गोष्टीचा मागमूस नाही. मुकुटाला कारण हवं म्हणून मागाहून जोडलेली दिसते.

सोळाव्या शतकात स्वीडन लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट झाला, संतांची पूजा बंद पडली. तरी ही एक टिकली, ती कॅलेंडरच्या कृपेने. तेव्हा चालणारं जुनं रोमन, म्हणजे जुलियन कॅलेंडर सूर्याच्या मानाने साधारण १२८ वर्षांत एक दिवस चुकतं. ही चूक साठत साठत चौदाव्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येऊन ठेपली होती. ही चूक सुधारलेलं, आज आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर स्वीडनने स्वीकारलं १७५३ मध्ये. त्या वर्षी १७ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च उजाडला. मोठी रात्र २१ डिसेंबरच्या आसपास गेली, पण लुसियाची तारीख होती तिथेच राहिली आणि लोकांच्या मनातली धास्तीही.

धास्ती होतीच. नॉर्वेत या रात्री लुसी नावाची भयंकर बाई हिंडते असं मानत. नाताळाआधीची कामं उरकली नसतील तर ती धुराड्यातून घरात उतरायची. गोठ्यातली जनावरं त्या रात्री बोलतात असाही समज होता. पश्चिम स्वीडनमध्ये गुरांना जादा चारा घालत आणि माणसं उजाडायच्या आत एकामागून एक न्याहाऱ्या झोडत, वर दारू. या सगळ्यात सिसिलीची ती सोशिक कुमारिका कुठे शोधायची?

पांढऱ्या झग्यातली मुलगी बहुधा जर्मनीच्या वाटेने आली. तिथल्या प्रोटेस्टंट घरांत संत निकोलसला रजा देऊन भेटवस्तू आणायचं काम बाळ येशूकडे सोपवलं गेलं, आणि त्याचं सोंग घ्यायची एक मुलगी, पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर मेणबत्त्या लावून. स्वीडनमधली अशा लुसियाची पहिली नोंद १७६४ ची, एका जमीनदाराच्या वाड्यातली. पुढची दीडशे वर्षं ही हौस मुख्यतः पश्चिमेकडच्या सुखवस्तू घरांत आणि विद्यापीठांतल्या पोरांत राहिली. १९२७ मध्ये ‘स्टॉकहोल्म्स डागब्लाड’ने शहराची लुसिया निवडायची स्पर्धा लावली, गावोगावच्या वर्तमानपत्रांनी तिची नक्कल केली, आणि प्रथा देशाची झाली.

मिरवणुकीत म्हणतात ते लुसियाचं गाणंही त्याच सुमाराचं. आर्विद रोसेन यांचे स्वीडिश शब्द १९२८ चे, चाल नेपल्सची. मूळ गाण्यात संताचं नावसुद्धा भक्तीने आलेलं नाही: सांता लुसिया हा नेपल्सचा किनाऱ्यावरचा मोहल्ला, आणि नावाडी चांदण्यात गिऱ्हाइकांना होडीत बसायला बोलावतोय.

मुकुटात खऱ्या मेणबत्त्या असतील तर खाली केसांवर ओला रुमाल ठेवतात, मेण ओघळून टाळू भाजू नये म्हणून. शाळांत आता बॅटरीचेच दिवे. मुलींच्या मागे टोकदार उंच टोप्या घातलेले मुलगे असतात, हातात काठीला लावलेली चांदणी. मग कॉफी आणि लुसेकाटर: दूध, लोणी आणि केशर घालून मळलेल्या, फुगवलेल्या कणकेचे इंग्रजी एससारखे वळवलेले पाव, दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका. केशर तिथेही महागच, त्यामुळे एरवी वर्षभर त्याला फारसं कुणी हात लावत नाही.

१० डिसेंबरला नोबेल घेतलेले पाहुणे स्टॉकहोमच्या ग्रँड हॉटेलात मुक्काम लांबवतात, तेव्हा त्यांनाही पहाटे ही गाणारी रांग उठवते. डेन्मार्कने लुसिया उचलली ती १९४४ मध्ये, जर्मन फौजा देशात असताना. आणि जुना धांगडधिंगा पुरता गेलेला नाहीच: १२ तारखेच्या रात्री शाळा-कॉलेजची पोरं अजूनही रात्रभर जागतात, पितात आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी मिरवणुकीला येऊन उभी राहतात.